पऱ्हाटीचं बेचकं

गोवर्धन सोनाराचे कान गेले ते चैत्रातल्या तापात. ताप उतरला, जिभेला चव आली, माणूस उठून अंगणात येऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "अवं, तू आज बोलत काहून नाई?" वच्छला तेव्हा त्याच्यापुढेच उभी होती आणि सकाळपासून त्याच्याशीच बोलत होती.

आधी तिला वाटलं, थट्टा चालली आहे. मग तिच्या हातून घंगाळ निसटून ओट्यावर आदळलं. समोरच्या घरातल्या जमुनाबाई "का पडलं वं?" म्हणून दारात येऊन गेल्या, आणि गोवर्धन आपला जास्वंदीच्या झाडाकडे बघत बसलेला. तेव्हा मात्र तिला कळलं. तापात त्याचे दोन्ही कान वाहिले होते, ते वाहायचे थांबले आणि बंदच झाले. वैद्यानं लसणाचं तेल घातलं, वच्छला अंबादेवीला नवस बोलून आली. कान काही उघडले नाहीत.

आता एखाद्या सोनाराला कान नसले तर फारसं बिघडत नाही. सोनं काही बोलत नाही. पण गोवर्धन नुसता सोनार राहिला नव्हता. त्या वर्षांत वऱ्हाडाला काय झालं होतं ते सांगायलाच हवं. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला की कास्तकार स्वतःच भांबावले. त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, बायकांना गोठ-पाटल्या केल्या, आणि तरी हात थांबेनात तेव्हा घड्याळं घेतली. वेळ बघायची कुणाला पडली होती? सूर्य होता, कोंबडा होता, पोटातली भूक होती. पण भिंतीवर टकटक करणारी वस्तू असली की घराला शोभा येते, एवढं साऱ्यांना पटलं होतं. घड्याळं आली तशी ती बंदही पडू लागली, आणि अमरावतीच्या दगडी परकोटाच्या आत ती दुरुस्त करणारा म्हणून गोवर्धनाचं नाव झालं.

हे काम तो तरुणपणी नागपूरच्या एका उस्तादांकडे राहून शिकला होता. घड्याळ बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं उस्ताद म्हणायचे. ठोका सारखा पडतो की एक लांब, एक आखूड असा लंगडतो, यावरून आतलं दुखणं कळतं. आणि चाल बघायची तर शेजारी खात्रीचं घड्याळ ठेवून दोघांचे ठोके एकदम ऐकायचे. बरोबरीनं पडत राहिले तर ठीक. एकमेकांपासून सुटायला लागले तर कोण पुढे पळतंय ते ओळखायचं आणि लोलकाखालची चाकी किंचित फिरवायची. त्यासाठी उस्तादांनी निरोप देताना आपलं पितळी घड्याळच त्याला देऊन टाकलं होतं.

ठोका ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हातात कोण आपलं घड्याळ देणार? म्हणून नवराबायकोनं ठरवलं, बाजारात ब्र काढायचा नाही. आणि वच्छला त्याचा कान झाली.

दुपारी जेवणं झाली की दुकानाचं दार ओढून घ्यायचं. माजघरात दोन पाट मांडायचे, एकावर उस्तादांचं घड्याळ, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाचं. मध्ये वच्छला, तिच्यापुढे गुडघ्याला गुडघा लावून गोवर्धन. त्यानं तळहात पुढे करायचा आणि तिनं त्यावर बोटानं ठोका द्यायचा, जसा ऐकू येईल तसा. लंगडा असला तर लंगडा. मग दोन्ही घड्याळं एकदम ऐकायची आणि जे पुढे पळेल त्या बाजूचा हात वर करायचा. सुरुवातीला तिला काही उमगेना. सगळं एकच टकटक. मग हळूहळू एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखे ते ठोके तिला वेगवेगळे ओळखू येऊ लागले. कोण रेटतोय, कोण मागे राहतोय, कोण नुसताच आडमुठा आहे, सगळं.

खरं सांगायचं तर ते दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, एकुलती एक लेक शकुन अकोल्याला दिली होती, पण वच्छलाला नवऱ्याचा चेहरा जेवढा ठाऊक होता त्याहून त्याची पाठ जास्त ओळखीची होती. कामावर वाकलेली, घामानं भिजलेली पाठ. आता तोच माणूस दुपारभर तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. तिच्या भुवया हलल्या तरी त्याला कळायचं. कधी तिचं बोट थांबलं तर तो हलकेच तिच्या गुडघ्याला हात लावायचा. नवऱ्याचे कान गेले आणि आपल्याला बरं वाटतंय, हे देवीला सांगायचं तरी कसं, म्हणून ती देवळात जरा मान खालीच घालून उभी राहायची.

त्याच दिवसांत तिनं आणखी एक आगळीक केली. चुलीपाशी बसली होती, ओसरीत त्याची पाठ दिसत होती, आणि तिनं त्याचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यातून घेतलं होतं तेवढंच. पुढे संक्रांतीला बायकांनी दार अडवून कितीही छळलं तरी ती पदर तोंडात धरून निसटायची. आणि आज उखाणा नाही, काही नाही, नुसतंच, "गोवर्धन." त्याला अर्थातच ऐकू गेलं नाही. तिनं जीभ चावली, दाराकडे पाहिलं, एकटीच हसली. पण नंतर भाकरी थापताना तिला उगाच रडू आलं.

दसरा झाला आणि नांदगाव खंडेश्वरचे रामराव पाटील लुगड्यात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन दारात हजर झाले. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. अकोल्याच्या बाजारातून हौसेनं आणलेली वस्तू, आता हूं का चूं करीत नव्हती.

"दसऱ्याले अवजारं पुजली," रामराव सांगू लागले. "गाडीच्या चाकाले तेल देल्लं. तं मंडळी म्हणे, घडीलेबी चाकं हायेत, तिले काहून नाई? तिच्या घरचं जवसाचं तेल, ताजं. मस्त ओतलं, हात आखडला नाई. आन चार दिवसात घडी बंद."

गोवर्धनानं घड्याळाचं दार उघडलं. ऐकायची गरजच नव्हती. वासच आला. गाडीच्या आसाला जे मानवतं त्यानं घड्याळाचा गळा आवळला होता, कारण जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं धरतं.

"कितीक दिवस लागन, गोवर्धनजी?"

"हो, हो," गोवर्धन म्हणाला.

रामराव बघत राहिले. दाराआडून वच्छला घाईनं म्हणाली, "दिवाळी झाली का या म्हणतात, भाऊ."

रामरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "हे म्हणतात का तुमी म्हणता, वयनी?"

"आमी दोघंबी म्हणतो," वच्छला म्हणाली. रामराव हसत गेले. तिनं मात्र लगेच दार लावून घेतलं.

मग गोवर्धनानं ते घड्याळ सगळं सुटं केलं, एकेक चाक रिठ्याच्या पाण्यात उकळून, ब्रशनं घासून, पुसून उन्हात ठेवलं. दागिने धुतात तसं. पुन्हा जोडलं आणि लोलक हलवून सोडला. एक खिळा नीट बसत नव्हता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं चिमटा दातांत धरला आणि वाकून आत डोकावला. चिमट्याचं टोक घड्याळाच्या पितळी पत्र्याला टेकलं.

"वच्छले!"

ती धावत आली. तिला वाटलं, चिमटा गिळला.

"वाजून राहिली!" तो केवढ्यांदा तरी ओरडत होता. "माह्या डोक्यात वाजून राहिली! आयकू येते मले!"

चिमटा दातांतून काढला की सगळं मुकं. धरला की टकटक. मग काय विचारता! त्या दिवशी त्या माणसानं घरातली एक वस्तू सोडली नाही. पळी झाली, उलथणं झालं. लाटणं तोंडात धरून तो घड्याळापाशी ओणवा झाला तेव्हा वच्छलाला हसू आवरेना. शेवटी सरपणातली वाळलेली पऱ्हाटी त्याच्या नजरेस पडली. कापूस वेचून झाला की शेतातून जळणाला येतात तीच कापसाची झाडं. एका झाडाला छान दुबेळकं फुटलं होतं. ते बेचकं त्यानं तासलं, घासून गुळगुळीत केलं. एक टोक उस्तादांच्या घड्याळावर, एक टोक रामरावांच्या, आणि दांडी दातांत. दोन्ही ठोके एकदम. त्याचे डोळे भरून आले. वच्छलाचेही आले. तिनं देवीला तिथूनच हात जोडले.

मग बेचकं खाली ठेवून तो म्हणाला, "आता तुले बसाचं काम नाई. इतके दिवस लय थकली असशीन. जाय, आराम कर."

तो मायेनंच बोलला होता. पण वच्छला उठून आत गेली ती कुणी घराबाहेर काढल्यासारखी.

त्या दिवसापासून दुपारी पुन्हा पाठच दिसू लागली. वाकलेली, बेचकं चावणारी, अगदी सुखी पाठ. वच्छला भांडी घासायची, निवडणं निवडायची, आणि तिच्या बोटाला सवयीनं ठोका सुटायचा, सुपाच्या कडेवर. सवत आली असती तर दोन शब्द भांडता तरी आलं असतं. काडीशी काय भांडणार? घड्याळं त्याच्या डोक्यात जाऊन बोलत होती. तांब्यापितळेची, परमुलखातली, कुणाकुणाची. आणि ती मात्र जन्माची सोबतीण असून बाहेरच राहिली होती. हेच तिला खुपत होतं, दुसरं काही नाही.

म्हणून तिनं अबोला धरला. इतक्या महिन्यांत त्याला ऐकू जात नाही हे ठाऊक असूनही ती त्याच्याशी बोलायची थांबली नव्हती. भाजीत मीठ बरं आहे का, अकोल्याहून शकुनचा निरोप आला, जमुनाबाईंची गाय व्याली, सगळं सांगायची. आता एक शब्द नाही. पण अबोला धरायचा तर तो समोरच्याला कळला पाहिजे ना! हिचा अबोला चालू होऊन किती दिवस झाले तरी गोवर्धनाला पत्ता नाही. तो आपला जेवून, तृप्त होऊन, बेचकं घेऊन बसायचा. असा वाया गेलेला रुसवा साऱ्या अमरावतीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नसेल.

एका सकाळी तिनं ते बेचकं उचललं आणि सरळ चुलीत घातलं. एक टोक पेटलं, चर्र झालं, आणि तिनंच हात भाजून घेत ते बाहेर ओढलं. पदरानं पुसून जागेवर ठेवलं. दुपारी गोवर्धनानं ते हातात घेतलं, करपलेलं टोक बोटानं चाचपलं, तिच्याकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

"तुले बरं नाई का?" त्यानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.  मग तो दांडी दातांत धरून कामाला लागला.

दिवाळी झाली, कापसाचे गाडे घुंगरं वाजवत अमरावतीच्या बाजाराकडे निघाले, आणि त्यातल्याच एकावर बसून रामराव आले. घड्याळ ओसरीत भिंतीला टांगून चालू ठेवलं होतं. गोवर्धन पाठमोरा, लोलकाची चाकी शेवटची एकदा बघत होता.

"वा! चालली का?" रामराव म्हणाले. "बरं झालं बाप्पा. घरी करमत नव्हतं. मंडळी म्हणते, भिंतच मुकी झाली."

गोवर्धन वळला नाही.

"गोवर्धनजी!" रामरावांनी आवाज चढवला. मग टाळी वाजवली. एवढी की कोनाड्यावरची चिमणी उडाली. गोवर्धन आपला चाकीत.

वच्छला दाराआडून बाहेर आली. लपवून आता काही राहणार नव्हतं. "भाऊ, त्याईले आयकू येत नाई. चैतापासून. पण घडी बराबर झाली हाये, देवीची आन."

"मंग ठोका आयकला कोनं? तुमी?"

"आधी मी आयकत होती." तिनं बेचक्याकडे बोट केलं. "आता ते सोताच आयकतात. दातानं."

रामराव हसायला लागले. तोवर गोवर्धन वळला होता. समोरची तोंडं बघून काय झालं असेल ते त्याला समजलं. त्याचा चेहरा पडला. पण त्यानं बेचकं उचललं, धुतलं, पुसलं आणि रामरावांच्या पुढे केलं. एक टोक घड्याळाला टेकवून दांडी दाताखाली धरायची खूण केली.

रामरावांनी धरली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही कानांत बोटं घातली. आणि एवढा मोठा मिशाळ माणूस पोरासारखा डोळे मोठे करून उभा राहिला.

"अबब! कान बंद आन घडी डोक्यात!" दांडी काढून ते म्हणाले. मग पुन्हा धरून बघितली, पुन्हा काढली. "लाकडाले का समजते वयनी, पितळ हाये का लोखंड हाये? जे भिडलं ते आत नेऊन टाकते. मी तं गावभर सांगीन, दातानं घडी आयकणारा कारागीर उमरावतीत हाये म्हणून!"

रामरावांनी गोवर्धनाच्या खांद्यावर थाप मारली, घड्याळ पुन्हा त्याच लुगड्यात गुंडाळलं आणि आता त्याला तेलाचा थेंब दाखवणार नाही असं कबूल करत गाड्यावर जाऊन बसले. घुंगरं लांब जाईपर्यंत वच्छला ओट्यावर उभी होती. पण तिचं लक्ष घुंगरांकडे नव्हतं. जे भिडलं ते आत. लाकडाला समजत नाही पितळ आहे का लोखंड. मग लाकडाला हे तरी कुठे समजणार की भिडलंय ते घड्याळ नाही, बाई आहे?

ती आत आली. गोवर्धन माजघरात पाटावर बसला होता. दुपारची ती वेळच होती. एका पाटावर उस्तादांचं घड्याळ, दुसरा पाट रिकामा. दांडी दातांत, एक टोक पितळेवर, आणि दुसरं, ते करपलेलं, नुसतंच हवेत. तो डोळे मिटून ऐकत होता.

वच्छला त्याच्यापुढे बसली. गुडघ्याला गुडघा लागला तसे त्याचे डोळे उघडले. तिनं ते मोकळं टोक धरलं आणि आपल्या गळ्याच्या खळगीवर, मंगळसूत्राच्या वर, घट्ट दाबून धरलं.

"आयकू येते?" ती म्हणाली.

गोवर्धन दगडासारखा झाला. त्यानं दांडी तोंडातून काढली, उलटसुलट करून पाहिली, तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा दातांत धरली आणि तिच्याकडे बघत, फुटक्या-तुटक्या शब्दांत म्हणाला, "बोल. काईबी बोल."

आता किती बोलायचं होतं! भांडायचं होतं, त्या बेचक्यासाठी चुलीत हात घातला ते सांगायचं होतं, एवढ्या दिवसांचा अबोला फुकट गेला त्याचा जाब विचारायचा होता.  पण नको नको म्हणतानाच तिच्या तोंडून निघालं,

"गोवर्धन."

 उस्तादांचा ठोका आणि तिचा आवाज, दोन्ही एकाच वेळी त्याच्या डोक्यात पोचले असणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"तुहा आवाज बसला वं," तो म्हणाला. "पयले असा नव्हता."

"ओरडून ओरडून बसला," ती म्हणाली. "कोनासाठी ओरडत होती?"

तो हसला. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं, काय ऐकलं ते. आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला ते कळत नाही, तसा तो साऱ्या सोनारगल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "अवं, तू माहं नाव घेतलं! बिनउखाण्याचं!"

समोरच्या घराचं दार करकरलं. जमुनाबाईंचा आवाज आला, "का झालं वं वच्छला?" गल्लीत कुणीतरी हसलं. वच्छलाचा चेहरा लाल झाला, तिनं एका हातानं पदर तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या हातातलं बेचकं मात्र तिनं गळ्यावरून हलवलं नाही. पदराच्या आतूनच, हळू, ती पुन्हा एकदा नाव घेत होती.